मॅट्रिक्स नेमके करते काय?

दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणे सोडवताना निश्चयक भेटतो. क्रॅमरची पद्धत पाठ होते, गुणही मिळतात. तोच विद्यार्थी पदवीला लिनिअर अल्जिब्राच्या तासाला बसतो तेव्हा सुरुवात ओळखीची वाटते. मग फळ्यावर व्हेक्टर स्पेसची व्याख्या येते. आकडे गायब, उरतात फक्त नियम. बरेच जण इथेच हात टेकतात.

यात मुलांना दोष देता येणार नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या चिनी ग्रंथात उत्तम, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या पेंढ्यांतून किती धान्य निघेल याची गणिते आहेत. पटावर काड्यांनी आकडे मांडायचे आणि एका स्तंभातून दुसरा वजा करत जायचे. आज गाउसच्या नावाने शिकवली जाते ती एलिमिनेशनची रीत मुळात हीच. ‘मॅट्रिक्स’ हे नाव सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये दिले, तिचे बीजगणित केलीने १८५८ मध्ये मांडले आणि व्हेक्टर स्पेसचे नियम पेआनोने लिहिले १८८८ मध्ये. गणितज्ञांना इतकी शतके लागली तो प्रवास विद्यापीठे एका सत्रात उरकतात.

रीत कमी मोलाची नाही. वीस ओळींचा निश्चयक व्याख्येप्रमाणे उलगडला तर २४ वर १७ शून्ये इतकी पदे होतात. एलिमिनेशनने तेच काम तीन हजारांच्या आत गुणाकार-भागाकारांत भागते.

पण मॅट्रिक्स करते काय, हे आकडेमोडीतून दिसत नाही. पहिल्या ओळीत २, १ आणि दुसऱ्या ओळीत १, २ अशी मॅट्रिक्स घ्या. तिने (१, ०) या व्हेक्टरला गुणले की (२, १) मिळतो, म्हणजे दिशा बदलली. (१, १) चा मात्र (३, ३) होतो: दिशा तीच, लांबी तिप्पट. (१, −१) तर जसाच्या तसा राहतो. या दोन दिशांखेरीज प्रत्येक दिशा ढळते. न ढळणाऱ्या दिशांतले हे ताणाचे पट, ३ आणि १, म्हणजे तिच्या आयगेनव्हॅल्यू. मॅट्रिक्सचा दहावा घात हवा असेल तर पहिल्या दिशेत ताण ३ चा दहावा घात, म्हणजे ५९,०४९ पट. दुसरीत काहीच बदल नाही. हे चित्र पहिल्याच महिन्यात आलेखाच्या कागदावर काढून घ्यायला हवे. परीक्षेत मात्र निश्चयकातून येणाऱ्या बहुपदीची मुळे काढून आयगेनव्हॅल्यू मिळवल्या की प्रश्न संपतो. शेल्डन ॲक्सलर यांनी १९९५ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात निश्चयक थेट शेवटी ढकलला, तो आयगेनव्हॅल्यूचा अर्थ त्याच्याआड जाऊ नये म्हणूनच.

पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेल्या शरदचंद्र श्रीखंडे यांच्या १९५९ च्या कामात या विषयाची खरी गोडी कळते. बुद्धिबळाचा ४ × ४ चा पट घ्या. हत्ती एका चालीत जिथून जिथे जातो ती घरे जोडा. प्रत्येक घराला सहा शेजारी मिळतात. जोडणी असेल तिथे १, नसेल तिथे ० लिहून झालेल्या १६ ओळींच्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू ६, २ आणि −२. श्रीखंडे यांनी १६ बिंदूंची दुसरी एक जोडणी, म्हणजे ग्राफ, दाखवली. तिच्या आयगेनव्हॅल्यू त्याच, तितक्याच वेळा येणाऱ्या. पण जोडणी निराळी. हत्तीच्या पटावर एका रांगेतली चारही घरे परस्परांशी जोडलेली असतात, श्रीखंडे ग्राफमध्ये असे चार बिंदू सापडतच नाहीत. कोणते ग्राफ केवळ आयगेनव्हॅल्यूंवरून ओळखता येतात, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.