घरफाळ्यातला शिक्षण कर

कोल्हापूर महापालिकेच्या घरफाळ्याच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते. ती रक्कम महापालिका वसूल करते, पण ती राज्य सरकारची असते. 1962 च्या शिक्षण उपकर कायद्याने शहरांतल्या जमिनी आणि इमारतींवर हा कर बसवला. करयोग्य मूल्यावर तो आकारायचा आणि राज्याच्या तिजोरीत भरायचा. पुढे याच कायद्यात बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर आला. उसासारख्या नगदी पिकाखालची बागायत जमीनही कायद्याने शिक्षण उपकराच्या कक्षेत घेतली. म्हणजे शाहूपुरीचा दुकानदार आणि शिरोळचा ऊसवाला, दोघांकडूनही शाळेच्या नावाने पैसे घेण्याची ही तरतूद आहे.

अशा वसुलीला जुना इतिहास आहे. मुंबई इलाख्यात 1863 च्या सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड सुरू झाला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठरला. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे नेमकी हीच दुखरी नस पकडली. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी पुराव्यानिशी सांगितले. कर घेतला की शाळा आपोआप उभी राहते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझाही नाही.

1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. इमारती बांधून होईपर्यंत थांबायचे नाही, हा त्यांचा निर्धार होता. चावडी, देऊळ, धर्मशाळा, जिथे छप्पर असेल तिथे शाळा भरवायची. त्या घाईमागची तळमळ मला आजच्या कुठल्याही योजनेत दिसत नाही. पण चावडीतली शाळा ही तात्पुरती सोय होती, ती कायमची व्यवस्था मानता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण आणि मैदान हे निकष घातले. खोल्या कमी पडल्या की आपल्या जिल्ह्यात ‘शैक्षणिक उठाव’ होतो. गावकरी वर्गणी काढतात, कुणी पत्रे देतो, कुणी फरशी. त्या दातृत्वाला माझा मनापासून नमस्कार. तरीही कर भरलेल्या माणसाला त्याच कामासाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो, हे मला अन्यायाचे वाटते.

केंद्राने 2004 मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर लावला आणि त्यासाठी प्रारंभिक शिक्षा कोश हा न संपणारा निधी निर्माण केला. 2007 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का आला, पण त्याच्या स्वतंत्र कोशाला मंजुरी मिळायला 2017 उजाडले. दहा वर्षे पैसा आला आणि सर्वसाधारण जमेत मिसळला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने 1994 मध्ये मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर हजारी सहा असा राज्य शिक्षण कर सुरू केला. तिथे नव्या इमारतींच्या कर्जरोख्यांना मात्र स्थानिक मतदारांची मंजुरी लागते, त्यामुळे आपला पैसा कोणत्या भिंतीत जातो हे त्यांना ठाऊक असते.

कोल्हापूरकराला ते कळण्याची सोय हवी. महापालिकेने दरवर्षी प्रभागवार जाहीर करावे: शिक्षण कर किती जमा झाला, किती राज्याकडे गेला, आणि राज्याकडून शाळांच्या बांधकामासाठी किती परत आला. 2019 च्या महापुरात शाळांच्याच वर्गखोल्यांत पूरग्रस्तांनी आसरा घेतला होता. पंचगंगेकाठच्या शाळांची जोती उंच करायला लागणारा पैसा याच हिशेबातून मागता येईल.