भाड्यानें घेतलेली गढी

भीमेकांठच्या जुन्या गांवांतून एखादी गढी किंवा चौसोपी वाडा ढासळलेला दिसतो, तो बहुधा शत्रूच्या तोफेनें पडलेला नसतो. रिकामा राहिल्यानें पडलेला असतो. वारसदार दहा आणि राहणारा एकही नाहीं, अशी स्थिति झाली म्हणजे एका पावसाळ्यांत कौलें सरकतात, दुसऱ्यांत तुळई कुजते व तिसऱ्यांत भिंत बसते. अशा वास्तूंत माणसांचा वावर पुन्हां आणण्याचा एक मार्ग म्हणजे ती सुटीसाठीं भाड्यानें देणें हा होय.

फ्रान्स देशांत हा मार्ग चांगला रुळलेला आहे. सरदारांच्या गढीवजा वाड्यास तेथें ‘शातो’ म्हणतात. ल्वार नदीच्या ज्या खोऱ्यांत असे वाडे विपुल आहेत, त्यास सन २००० मध्यें जागतिक वारशाचा मान मिळाला. यांपैकीं पुष्कळ वाडे आजही खासगी मालकीचे आहेत. छपराच्या दुरुस्तीचा खर्च एका कुटुंबास झेपत नाहीं, म्हणून कांहीं मालक आठवडाभरासाठीं सबंध वाडाच एखाद्या मंडळीस देतात. पंधरा-वीस जणांनीं भाडें वांटून घेतलें कीं प्रत्येकावरील बोजा हलका होतो. मात्र संरक्षित वास्तूंत मालकासही परवानगीवांचून फेरफार करतां येत नाहीं. १९१३ च्या कायद्यानें घातलेला हा दंडक आजही चालू आहे.

याचें उदाहरण पाहण्यास दौंडकरांनीं फ्रान्स गांठावयास नको. यवतवरून भुलेश्वरचा डोंगर ओलांडून सासवडच्या बाजूस गेलें असतां जाधववाडीस शाहू छत्रपतींचे सरदार पिलाजी जाधवराव यांनीं सन १७१० मध्यें बांधलेली गढी लागते. सन २००७ पासून तेथें पाहुण्यांची सोय झाली आहे. तथापि प्रत्येक वास्तु भाड्यास योग्य नसते. सन २०१९ मध्यें महाराष्ट्रांतील कांहीं किल्ले भाडेपट्ट्यानें देण्याची योजना पुढें येतांच लोकांत क्षोभ उसळला. शिवछत्रपतींच्या इतिहासाशीं निगडित किल्ल्यांस हात लावणार नाहीं, असें सरकारास जाहीर करावें लागलें. जें एका घराण्याचें निवासस्थान होतें तें पाहुण्यांस देतां येईल. जें सर्व समाजाचें श्रद्धास्थान आहे तें देतां येणार नाहीं.

जुनी वास्तु घेणाऱ्या मंडळीनें ठराव लेखी करावा. माणसें किती, अनामत किती, स्वयंपाक कोठें करावयाचा व कोणतीं दालनें बंद राहतील, हें त्यांत स्पष्ट असावें. जिना, कठडे व विहीर मुलांच्या दृष्टीनें आधीं पाहून घ्यावीं. चुन्याच्या भिंतींत खिळा ठोकूं नये, लाकडी छताखालीं चूल पेटवूं नये. मालकानेंही मोडकी भिंत सिमेंटानें लिंपूं नये. चुना ओल बाहेर टाकतो, सिमेंट ती आंत कोंडतें. भाड्याच्या पैशांतून दर उन्हाळ्यांत छपराची डागडुजी झाली, तरच पाहुण्यांचें येणें त्या घरास उपकारक ठरेल.