दुखत नाही ती जखम

गेल्या आठवड्यात कबूल केलेलं गरम पाण्याचं पादस्नान आज लांबणीवर टाकावं लागतंय. कारण उमरेडहून आलेलं एक पत्र. आईला बऱ्याच वर्षांची शुगर. उजव्या अंगठ्याखाली तळपायाला जखम, चार महिने झाले भरत नाही. हळद लावून झाली, कडुलिंबाच्या पाण्यानं धुऊन झाली. आई म्हणते, दुखत नाही ना, मग कशाला काळजी करता? लेक विचारते, कोणता पाला बांधू?

उत्तर पाल्यात नाही, आईच्या त्या ‘दुखत नाही’मध्ये आहे.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, तेव्हा कुष्ठरुग्णाचं मांसच नासकं, ते भरून येत नाही, असा डॉक्टरांचाही समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळंच दिसलं. जखमी पाय प्लास्टरमध्ये ठेवला, की जखम भरून यायची! मांस धड होतं, बधिर झाली होती ती नस. खडा टोचला की आपण नकळत पाय तिरका टाकतो, लंगडतो. बधिर पाय दिवसभर त्याच जागेवर भार देत राहतो. शरीर नवी कातडी विणतं आणि पुढचं पाऊल ती चिरडतं. प्लास्टरनं जखम बरी केली नाही, तिला चिरडणं थांबवलं.

वेल्लोरची आणखी एक हकिगत सांगायलाच हवी. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रातोरात नाहीसे व्हायचे. रोगानं बोटं झडतात, असंच सगळे धरून चालले होते. शेवटी रात्री जागून पहारा ठेवला, तेव्हा उंदीर बोट कुरतडताना सापडला. झोपलेल्या माणसाला पत्ताही नव्हता. मग घरी परतणाऱ्या रुग्णांसोबत मांजर देण्याची पद्धत पडली. निसर्गोपचारकाचं काम कोणतं, असं विचारणाऱ्यांना ही रात्रीची जागल ऐकवावी.

आपल्या विदर्भातही अशी जागल करणारा एक हात होऊन गेला. परचुरेशास्त्री हे संस्कृत पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती. कुष्ठरोग बळावल्यावर ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना जवळच कुटी दिली. शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत, मालिश करीत. त्या मालिशीनं कुष्ठाचे जंतू मरत नव्हते, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. त्याला औषधच लागतं. पण रोज अंगावरून फिरणाऱ्या हाताला नवी जखम पहिल्याच दिवशी जाणवते.

आता उमरेडच्या आईंकडे. बऱ्याच वर्षांच्या शुगरनंही पायाची नस अशीच बधिर होते. पाला शोधणं थांबवून आधी त्यांना डॉक्टरांकडे न्यावं. ते नायलॉनच्या जाड दोऱ्यानं तळपायाची संवेदना तपासतील, पायाला रक्त नीट पोचतं का ते बघतील. जखमेखाली हाड सडलेलं नाही, रक्तपुरवठा ठीक आहे, अशी खात्री झाली, तर भार हटवणारं प्लास्टर किंवा बूट देतील. वास, ताप, लाली किंवा काळपटपणा दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. साखर ताब्यात ठेवणं आलंच.

घरच्यांसाठीही काम आहे. रोज संध्याकाळी उजेडात तळपाय बघायचा, बोटांच्या बेचक्यांसकट. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा; खडा, खिळा, दुमडलेला पट्टा. धुऱ्यावर अनवाणी जायचं नाही, अंगणातही नाही.

पादस्नान पुढच्या आठवड्यात. ते वाचून झालं तरी या आईंनी गरम पाण्याच्या टबात पाय घालू नये. पाणी किती कढत आहे, हे त्यांचा पाय त्यांना सांगणार नाही.