शुगरचा खर्च आणि विम्याचा कागद

धरमपेठेतील दवाखान्यात मधुमेहाचे निदान झालेला रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो गोड खाण्याविषयी आणि दुसरा खर्चाविषयी. "डॉक्टरसाहेब, मेडिक्लेम काढला तर हे सगळं त्यात बसेल ना?" पहिल्याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते, दुसऱ्याविषयी मात्र शिकलेल्या घरांतही गैरसमज आढळतात.

मधुमेहाचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक रोजचा : गोळ्या, इन्सुलिन, रक्ततपासण्या. तो जन्मभर चालतो. दुसरा अवचित येणारा : पायाची जखम चिघळणे, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड निकामी होणे. नेहमीचा मेडिक्लेम हा या दुसऱ्या खर्चासाठी, म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो. दर महिन्याच्या गोळ्यांचे बिल त्यातून मिळत नाही. बाहेरच्या उपचाराचा खर्च देणाऱ्या पॉलिसी आहेत. पण त्यांचा हप्ता अधिक असतो. हप्ता आणि मिळणारी रक्कम यांचा हिशेब मांडूनच त्या घ्याव्यात.

"शुगर आहे म्हणजे विमा मिळणार नाही," हा दुसरा गैरसमज. विमा मिळू शकतो. मात्र हप्ता वाढू शकतो आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी काही काळ थांबावे लागते. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून हा काळ ४ वर्षांवरून जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. थांबण्याचा काळ पॉलिसी घेतल्यापासून मोजला जातो. म्हणून पायाला जखम झाल्यावर नव्हे, तब्येत बरी असतानाच विमा घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्जाची. "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल," असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल याबाबत डोळे उघडणारे आहेत. एका विमेदाराने जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार अर्जात लपविला होता. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने केलेला दावा न्यायालयाने २००९ साली फेटाळला. दुसऱ्या विमेदाराने मधुमेह असल्याचे स्पष्ट सांगितले होते. अमेरिकेत त्याला हृदयविकाराचा झटका आला. कोलेस्टेरॉलचा विकार लपविला असे म्हणून कंपनीने पैसे नाकारले. मधुमेह्यांना कोलेस्टेरॉलची गोळी खबरदारी म्हणूनही दिली जाते. न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. एकाचे कुटुंब रिकाम्या हाती राहिले, दुसऱ्याला त्याचे सत्य कामी आले.

तेव्हा अर्ज स्वतः वाचून भरावा. शुगर केव्हापासून, कोणत्या गोळ्या, रक्तदाब आहे का, सर्व लिहावे आणि अर्जाची प्रत जपून ठेवावी. हप्त्याची तारीख चुकवू नये. खोलीच्या भाड्याची मर्यादा आणि बिलातील आपला वाटा किती, हेही आधी विचारावे.

ज्यांना हप्ता झेपत नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची चौकशी करावी. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान कार्ड मिळते. या योजनाही मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठीच आहेत, हे ध्यानात असावे.

मग रोजच्या खर्चाचे काय? तो कमी करण्याचे मार्ग आहेत. जनऔषधी दुकानांत मधुमेहाची नेहमीची औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. त्यानंतर अनेक कंपन्यांची स्वस्त औषधे बाजारात आली. आपली चिठ्ठी जुनी असेल तर "यातलेच स्वस्त औषध आहे का?" असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा. सरकारी आरोग्य केंद्रांत शुगरची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. गंभीर गुंतागुंतीसाठी नागपुरात मेडिकल आणि मेयो आहेतच.

पैसे वाचविण्यासाठी गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत किंवा एकाआड एक दिवस घेऊ नयेत. महिनाअखेरीस असे करणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यात वाचलेले शंभर-दोनशे रुपये पुढे पायाच्या शस्त्रक्रियेत किंवा डायलिसिसमध्ये कित्येक पटींनी जातात. डायलिसिसचे बिल विमा देईल, पण मूत्रपिंड परत देणार नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी, वर्षातून एकदा डोळ्यांची, लघवीतील प्रथिनांची व मूत्रपिंडाची तपासणी आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या पावलांवर एक नजर, एवढे पाळले तरी मोठा खर्च टळण्याची शक्यता खूप वाढते.