गाडीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू

‘आता रात्रीची गाडी चालवणं जमत नाही बघ, पुढचं दिसतच नाही,’ असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणू लागली, की आपण त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो. चष्म्याचा नंबर तपासून घेतो. ते योग्यच आहे. पण त्याबरोबर अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या डोळ्यांतही एकदा पाहावं. कित्येकदा मोतीबिंदू तिथंही झालेला असतो!

जुन्या अँबॅसिडर किंवा पद्मिनीच्या दिव्यांना काच असे. दगड लागला तर ती फुटे, पण वर्षानुवर्षं पिवळी पडत नसे. आजच्या गाड्यांच्या हेडलाइटवर जे कव्हर असतं, त्याला आपण सवयीनं काच म्हणतो. प्रत्यक्षात ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. वजनाला हलकं, सहसा न फुटणारं आणि हवा तो आकार घेणारं. मात्र त्याला चटकन ओरखडे पडतात आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक संरक्षक थर चढवलेला असतो. ऊन आणि धूळ यांनी तो थर झिजला, की खालचं प्लास्टिक पिवळट, धुरकट होतं. दारात जागा नाही म्हणून बारा महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे हाल अधिक.

अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनधारकांच्या संस्थेनं २०१८ साली केलेल्या चाचणीत असं दिसलं, की फार धुरकटलेल्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या तुलनेत जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास प्रकाश बाहेर पडतो. उरलेल्यातला बराचसा भलतीकडे पसरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोली घाटात, धुक्यातल्या वळणावर, याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

यावर अनेकजण जास्त वॅटचा बल्ब बसवतात. दुखणं कव्हरचं आणि औषध बल्बला! त्यानं समोरच्याचे डोळे अधिक दिपतात आणि वाढलेल्या उष्णतेनं होल्डर व वायरिंग खराब होण्याची भीती असते. दुसरा घरगुती उपाय टूथपेस्टचा. घासल्यावर थोडे दिवस चकाकी येते, पण संरक्षण काहीच मिळत नसल्यानं पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

खरा उपाय असा. आधी धुरकटपणा बाहेरून आहे की आतून, ते पाहावं. आत पाणी शिरलं असेल किंवा कव्हरला तडा गेला असेल, तर घासून उपयोग नाही. बाहेरूनच असेल तर कव्हर स्वच्छ धुऊन भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावावी. मग पाणी शिंपडत वॉटर पेपरनं घासावं : आधी ८०० किंवा १००० नंबर, मग १५००, २००० आणि शेवटी ३०००. प्रत्येक नंबरनं आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढं जाऊ नये. सुरुवातीला कव्हर आणखी पांढरं दिसेल, घाबरू नये. शेवटी रबिंग कंपाउंडनं पॉलिश केलं, की ते पारदर्शक होतं.

बहुतेकजण इथंच थांबतात आणि काही महिन्यांत दिवे पुन्हा पिवळे पडतात. कारण घासताना उरलासुरला संरक्षक थरही निघून गेलेला असतो. म्हणून अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट किंवा पारदर्शक फिल्म लावलीच पाहिजे. नुसतं मेण फार काळ टिकत नाही. हार्डनर मिसळायच्या क्लिअर कोटची वाफ श्वासाला घातक असते. ते काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडूनच करून घ्यावं. ‘पॉलिशनंतर वरून कोट मारणार ना?’ एवढं मात्र आवर्जून विचारावं.

एएएच्या त्याच चाचणीत अशा दुरुस्तीनंतर प्रकाश सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला होता. म्हणजे दिवा नव्यासारखा होत नाही. कव्हर फारच खराब असेल तर नवा हेडलाइट बसवणंच बरं. पुढंही गाडी शक्यतो सावलीत लावावी आणि कोरड्या फडक्यानं धुळीचं कव्हर पुसू नये.

‘दिव्याखाली अंधार’ असं मराठीत म्हणतात, कानडीत ‘दीपद केळगे कत्तलु’. धुरकट हेडलाइटचा अंधार मात्र दिव्याच्या पुढ्यातच असतो. खंडेनवमीला, आयुधपूजेला, आपण गाडी धुऊन तिला हार घालतो. त्याआधीच्या रविवारी एक सकाळ या दिव्यांसाठी काढली, तर ती पूजा खऱ्या अर्थानं पावेल.