दोन मानांच्या हंसाची सराई

लंडन शहरात 'दोन मानांचा हंस' या नावाची एक सराई होती. पत्ता लॅड लेन. आज कोणी हा पत्ता हाती घेऊन लंडनला गेला, तर त्याला सराई तर नाहीच, पण ती गल्लीही सापडणार नाही. मग या सराईची जागा शोधावी कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता दळणवळणाचा एक सबंध कालखंडच आपल्यापुढे उलगडतो.

प्रथम नावाचे पाहू. टेम्स नदीवर हंस पाळण्याचा हक्क तेथील मद्यविक्रेत्यांच्या संघाला पंधराव्या शतकात मिळाला. आपले हंस ओळखू यावेत म्हणून ते चोचीवर दोन खाचा पाडीत. खाचेला इंग्रजीत 'निक' म्हणतात आणि मानेला 'नेक'. बोलता बोलता खाचांच्या माना झाल्या, असा या नावाचा उलगडा सांगतात. पाटी रंगविणाऱ्याने मग खुशाल दोन मानांचा हंस काढला!

आता सराईचे काम. 'स्टेज कोच' यातील स्टेज म्हणजे आपला टप्पा. दर टप्प्याला घोडे बदलायचे आणि गाडी पुढे हाकायची. घोडे, पागा, जेवण, मुक्काम, ही सारी व्यवस्था सराईत असे. उतारूंची नावेही तेथेच वहीत लिहून घेत. आपण आज तिकीट 'बुक' करतो, तो शब्द या वहीतूनच आला. २ ऑगस्ट १७८४ रोजी जॉन पामर याने टपालाची पहिली घोडागाडी ब्रिस्टलहून सोडली. सुमारे सोळा तासांनी ती लंडनला पोचली, ती याच सराईच्या दारात. त्याआधी त्याच टपालाला दीड दिवसाहून अधिक वेळ लागे.

पुढे विल्यम चॅप्लिन हा सराईचा मालक झाला. त्याच्यापाशी पंधराशेहून अधिक घोडे होते. अंगणाखालच्या तळघरातही त्याने पागा बांधल्या होत्या. परंतु आगगाडी येताच त्याने काळाची पावले ओळखली. घोडागाड्यांतील भांडवल काढून त्याने ते रेल्वेत घातले आणि पुढे तो एका रेल्वे कंपनीचा अध्यक्षही झाला. ज्याच्या हाती सराईचे वैभव होते, त्यानेच तिच्याकडे पाठ फिरविली, हे पाहून मन क्षणभर थबकते. तथापि त्याला दोष तरी कसा द्यावा? १८४१ साली लंडन-ब्रिस्टल लोहमार्ग पुरा झाल्यावर सोळा तास गाडीत हाडे खिळखिळी करून घेण्यास कोण तयार होणार?

१८४५ साली लॅड लेन आणि शेजारच्या गल्ल्या एकत्र व रुंद करून ग्रेशम स्ट्रीट हा रस्ता करण्यात आला. येथेच आपला धागा तुटतो, आणि येथेच तो पुन्हा जोडता येतो. जुन्या नकाशात लॅड लेन ही वुड स्ट्रीट व मिल्क स्ट्रीट यांच्यामध्ये दाखविलेली आहे. ते दोन्ही रस्ते आजही आपल्या नावानिशी उभे आहेत. त्यांच्यामधला ग्रेशम स्ट्रीटचा तुकडा धरला की सराईचा ठाव लागतो.

इमारत पडते, गल्लीचे नावही पुसले जाते. शेजारी मात्र साक्ष देतात. आपल्या गावातील धर्मशाळा, टांग्यांचे अड्डे, डाकेचे टप्पे यांची गोष्ट याहून निराळी नाही. जुने नकाशे आणि म्हातारी माणसे आहेत तोवर ही ठिकाणे आपण टिपून ठेवू या, एवढेच आमचे मागणे.