राऊटर टेबल : हत्यार जागेवर, लाकूड चालते

मेळघाटातला साग परतवाड्याच्या लाकूडबाजारात येतो आणि तेथून अमरावती-अकोल्याच्या सुतारांकडे जातो. या सागाच्या कडेला गोलाई, खाच किंवा नक्षीदार गलता काढायचा तर पूर्वी प्रत्येक आकारासाठी वेगळा रंधा लागे. आता ते काम राऊटर करतो. राऊटर म्हणजे दोन मुठी असलेली उभी मोटर. तिच्या खालच्या टोकाला कोलेट नावाचा चिमटा असतो आणि त्यात हव्या त्या आकाराचे धारदार बिट बसवतात.

दाराच्या रुंद फळीवर राऊटर ठेवून तो फिरवता येतो. पण तसबिरीच्या चौकटीची दोन बोटे रुंद पट्टी असली तर? तिच्यावर राऊटरचा तोलच राहत नाही. अशा वेळी राऊटर उलटा करून टेबलाखाली टांगतात, बिट भोकातून वर काढतात आणि पट्टी त्याला लावून सरकवतात. हेच राऊटर टेबल. शाळेच्या कार्यशाळेत ते बनवणे कठीण नाही. मात्र या उलटापालटीचा अर्थ नीट समजला नाही तर बोटांवर बेतू शकते. म्हणून बांधणी आणि तिच्यामागचे विज्ञान दोन्ही बरोबरच पाहू.

माथा सपाट हवा

१८ मिलिमीटर जाडीचे दोन प्लायवूड एकमेकांवर चिकटवून सुमारे ८० × ६० सेंटिमीटरचा माथा करावा. त्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना सनमायका लावावा. खालची बाजू दिसत नाही, मग तिथे खर्च कशाला, असे वाटेल. पण वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा अगदी कोरडी असते, आणि पावसाळ्यात तीच हवा दमट होते. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. एकच बाजू झाकली तर उघडी बाजू जास्त फुगते किंवा आकसते आणि माथा पापडासारखा वाकतो. पोलादी पट्टी उभी धरून माथ्यावर ठेवावी. तिच्याखालून उजेड दिसला तर माथा सपाट नाही. माथ्याखालची घडवंची भक्कम, आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी बांधलेली असावी. ती डुगडुगली तर कापही थरथरतो.

राऊटर बसवताना

राऊटर थेट जाड माथ्याला टांगला तर बिट पुरेसे वर येत नाही. म्हणून सुमारे ६ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पत्री घेतात. राऊटरच्या बुडाचा प्लॅस्टिकचा तळवा काढून तो पत्रीवर ठेवावा, त्याच्या भोकांवरून खुणा कराव्यात आणि स्क्रूची डोकी आत बसतील अशी भोके पाडावीत. माथ्यात पत्रीच्या मापाची खाच पत्रीच्या जाडीइतकीच खोल करावी. तिच्या मधला भाग आरपार कापावा, पण भोवती साधारण एक सेंटिमीटरचा काठ पत्री टेकण्यासाठी ठेवावा. पत्री माथ्याच्या वर आली किंवा खाली गेली तर सरकणारी पट्टी तिथे अडखळते. कोपऱ्यांत उंची कमीजास्त करणारे चार स्क्रू ठेवले की ही अडचण राहत नाही.

बिट बसवण्यापूर्वी वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढावी. बिट कोलेटच्या तळाला टेकवू नये, दोन-तीन मिलिमीटर वर घ्यावे. कोलेट आवळताना बिट किंचित आत ओढले जाते. ते आधीच तळाला टेकले असेल तर पकड पक्की बसत नाही.

दिशा का बदलते?

हातात उभा धरलेला राऊटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. तोच उलटा टांगला की वरून पाहणाऱ्याला काट्यांच्या उलट फिरताना दिसतो. मोटर तीच आहे, फक्त आपली पाहण्याची बाजू बदलली. आता आपण टेबलासमोर उभे आहोत आणि आधारपट्टी बिटाच्या मागे आहे. बिटाची आपल्याकडची धार डावीकडून उजवीकडे धावते. म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे धारेच्या विरुद्ध सरकवायचे. उलट सरकवले तर धार लाकडाला पकडून भिरकावते आणि त्याच्याबरोबर हात बिटाकडे ओढला जाऊ शकतो. याच कारणाने पट्टी बिट आणि आधारपट्टी यांच्या मधून कधीही नेऊ नये. तिथे बिटाची मागची धार उजवीकडून डावीकडे धावत असते.

आधारपट्टी तिरकी चालते का?

आधारपट्टी टेबलाच्या कडेला समांतर नसली तरी चालते. बिटाचा छेद वर्तुळाकार असतो. लाकूड पट्टीला टेकून सरकते, म्हणून काप किती आत जाईल हे बिटापासून पट्टीच्या लंबांतरावरच ठरते. यातून एक सोय होते. पट्टीचे एक टोक घट्ट केले आणि बिट पट्टीच्या बरोबर मध्यावर असले, तर दुसरे टोक २ मिलिमीटर सरकवल्यावर बिटापाशी अंतर १ मिलिमीटरच बदलते. समरूप त्रिकोणांचे इतके उपयोगी उदाहरण पुस्तकात क्वचितच सापडेल.

वेगाचे गणित

मिनिटाला २४,००० फेरे म्हणजे सेकंदाला ४०० फेरे. ६ मिलिमीटर व्यासाच्या बिटाची धार तेव्हा सेकंदाला साडेसात मीटर धावते. ५० मिलिमीटरच्या बिटाची धार मात्र जवळजवळ ६३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२६ किलोमीटर! म्हणून मोठे बिट लावताना वेग निम्म्यापर्यंत उतरवावा.

दोन धारांचे बिट सेकंदाला ४०० फेऱ्यांत ८०० काप घेते. लाकूड सेकंदाला ४ सेंटिमीटर सरकले तर प्रत्येक कापात ०.०५ मिलिमीटर छिलका निघतो. लाकूड मध्येच थांबवले तर धार कापण्याऐवजी घासते आणि लाकूड जळून काळे पडते. सागात सिलिकाचे कण असल्याने धार लवकर बोथट होते, म्हणून कार्बाइडची टोके असलेले बिट घ्यावे. खोल काप एकदम न घेता थोडाथोडा घ्यावा.

दोन गोष्टी विसरू नयेत. वीज गेली आणि स्विच चालूच राहिला तर वीज येताच यंत्र आपोआप फिरू लागते. त्यासाठी वीज जाताच बंद पडणारा आणि पुन्हा हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच टेबलाला लावावा. दुसरी गोष्ट धुळीची. सागाची धूळ त्वचेला आणि नाकाला झोंबते. लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. तेव्हा मास्क, चष्मा आणि पट्टी ढकलायला लाकडी दांडा, तिन्ही हवेत. सैल बाह्या आणि हातमोजे मात्र नकोत.

शाळेत यंत्र सुरू करण्याआधी एक प्रयोग करून घ्यावा. पुठ्ठ्याच्या चकतीतून आरपार पेन्सिल बसवून चकतीच्या दोन्ही अंगांवर फिरण्याची एकच दिशा बाणांनी दाखवावी. मग ती उलटी धरून विद्यार्थ्यांना विचारावे : आता बाण कोणीकडे, आणि लाकूड कोणत्या बाजूने द्यायचे? ज्याला हे उत्तर कारणासह देता येईल, त्यालाच शिक्षकांच्या देखरेखीखाली टेबलापाशी उभे करावे.